शीतखोली आणि बर्फाचा कारखाना : यंत्राची किंमत बघावी की विजेचे बिल?



रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला निघाले की मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पूर्णगड लागते. टेकडीवर लहानसा किल्ला, खाली खाडीत नांगरलेल्या होड्या, पलीकडच्या तीरावर गावखडी आणि मागे सड्यावर व उतारांवर हापूसच्या बागा. म्हणजे या एका टापूत दोन नाशवंत पिके येतात. एक झाडावर लागते, दुसरे जाळ्यात सापडते. दोघांचाही वैरी एकच, तो म्हणजे उष्मा. सकाळी उतरलेला बांगडा बर्फावाचून दुपारपर्यंत नरम पडतो, आणि मे महिन्यात एकदम तयार झालेला आंबा दलाल सांगेल त्या भावाने द्यावा लागतो, कारण तो थांबत नाही.

म्हणूनच हल्ली किनाऱ्यावरच्या गावागावांत, दहापंधरा जणांनी मिळून एखादी शीतखोली घालावी, छोटा बर्फाचा कारखाना काढावा, अशी बोलणी चालतात. बोलणी पुढे सरकली की दोन यंत्रवाले येतात आणि दोन दरपत्रके देतात. एक स्वस्त, दुसरे पाचदहा लाखांनी महाग. महागवाला म्हणतो, माझे यंत्र वीज कमी खाते. स्वस्तवाला म्हणतो, थंड तर दोन्ही करतात! आणि बैठकीत बहुतेक वेळा स्वस्तवाल्याचा कागद पुढे सरकतो. तो नेहमी चूक असतो असे नाही. पण तो कधी बरोबर आणि कधी घातक, हे सही करण्याच्या आधी कळायला हवे. त्याचा हिशेब घरी बसून करता येतो, इंजिनिअर व्हावे लागत नाही.

उष्णता म्हणजे विहिरीतले पाणी

थंड करणारे यंत्र थंडी तयार करत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. हे काम पंपाने विहिरीचे पाणी सड्यावर चढवण्यासारखे आहे. पाणी तेवढेच असले तरी चढ जितका जास्त तितकी वीज जास्त, हे तुम्हाला सांगायला नको. उष्णतेच्या बाबतीत हा चढ अंशांमध्ये मोजतात. हापूस साठवायचा तर खोली १३ अंशांवर ठेवतात. त्याखाली फार दिवस ठेवला तर फळाला थंडी बाधते, साल काळवंडते आणि आतून ते नीट पिकत नाही. बर्फ करायचा तर मीठपाण्याची टाकी शून्याखाली आठदहा अंशांवर न्यावी लागते. आणि गोठवलेली कोळंबी ठेवायची तर खोली शून्याखाली १८ अंशांवर. म्हणजे आंब्याची विहीर उथळ, बर्फाची खोल आणि गोठवलेल्या मासळीची तर पाताळाला टेकलेली.

वरचे टोक असते कंडेन्सरमध्ये. आतून उचललेली उष्णता इथे बाहेरच्या हवेला किंवा पाण्याला द्यायची असते. कंडेन्सर लहान घेतला तर तो फार तापल्याशिवाय उष्णता सोडत नाही, म्हणजे पाणी विनाकारण आणखी उंच टाकीत चढवल्यासारखे होते. बाहेर ३५ अंश असताना नुसत्या पंख्याच्या हवेवर चालणारा कंडेन्सर ४८ ते ५० अंशांपर्यंत जातो. पाणी शिंपडणारा, पुरेसा मोठा कंडेन्सर ४० च्या आसपास राहतो. हा चढ एका अंशाने कमी झाला की विजेत साधारण दोन ते तीन टक्के वाचतात, असा या धंद्यातला जुना आडाखा आहे. आठनऊ अंशांचा फरक म्हणजे बिलाचा पाचवा हिस्सा गेला किंवा राहिला!

स्वस्त दरपत्रकातली स्वस्ताई बहुधा इथेच लपलेली असते. कॉम्प्रेसरवर सर्वांची नजर असते, त्याचे नाव आणि घोडेबळ विचारले जाते. कंडेन्सर छपरावर किंवा मागच्या अंगणात असतो, तिकडे कोणी बघत नाही. तोच एक माप लहान दिलेला असतो.

बर्फाच्या एका टनाची गोष्ट

आता बर्फाकडे वळू. विहिरीचे पाणी ३० अंशांवर आहे असे धरा. ते शून्यावर आणायला किलोमागे ३० कॅलरी उष्णता काढावी लागते, त्याचा बर्फ व्हायला आणखी ८०, आणि लादी डब्यातून घट्ट निघावी म्हणून थोडी जादा थंड करायला चारेक. (ही आहारशास्त्रातली मोठी कॅलरी, एक किलो पाण्याला एक अंश चढवणारी.) एका टनाला झाल्या एक लाख चौदा हजार. विजेच्या भाषेत ही १३२ युनिट उष्णता. यंत्र एका युनिटात दोन-अडीच युनिट उष्णता उचलते, कारण ते उष्णता तयार करत नाही, फक्त हलवते. पंप, मीठपाणी ढवळणारा पंखा आणि टाकीच्या भिंतीतून आत झिरपणारी उष्णता धरली की आपल्या उष्ण हवेत लादीच्या बर्फाला टनामागे साधारण ५५ ते ७० युनिट लागतात. टाकीचे वेष्टण जुने, कंडेन्सर लहान, नळ्यांवर क्षार बसलेला, असे असेल तर आकडा याहूनही वर जातो.

समजा, रोज १० टन बर्फ करणारा कारखाना आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. उरलेल्या दहा महिन्यांतले वादळवाऱ्याचे आणि भाकड दिवस वजा करून २५० दिवस धरा. वीज सर्व आकारांसह युनिटला ९ रुपये पडते असे हिशेबापुरते मानू. तुमच्या बिलावरचा खरा आकडा घेऊन हेच गणित पुन्हा करा. टनाला ७५ युनिट खाणारा स्वस्त कारखाना वर्षाला १,८७,५०० युनिट खातो, म्हणजे सुमारे १६ लाख ८७ हजार रुपये. टनाला ६० युनिट खाणारा कारखाना दीड लाख युनिट खातो, म्हणजे साडेतेरा लाख. फरक वर्षाला ३ लाख ३७ हजारांचा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात दहा टनांच्या बर्फ कारखान्याचा खर्च ४० लाख रुपये धरला होता. त्या मापाने पाहिले तर स्वस्त कारखाना अडीच वर्षांत आपल्या किमतीएवढी वीज खाऊन टाकतो, आणि त्यानंतर पुढे पंधरा-वीस वर्षे खातच राहतो. महाग दरपत्रक आठ लाखांनी जास्त असले तरी ती रक्कम सुमारे अडीच वर्षांत परत येते. इथे स्वस्त यंत्र घेणे म्हणजे कमी किमतीत मिळाली म्हणून दुप्पट वैरण खाणारी म्हैस दावणीला बांधण्यासारखे आहे.

कोकणातली एक अडचण मात्र महागवाला सांगणार नाही. पाणी शिंपडणारा कंडेन्सर पाणी पितो. बर्फाच्या एका टनामागे जवळजवळ तीनशे लिटर पाण्याची वाफ होऊन जाते, आणि क्षार साचू नये म्हणून थोडे सोडून द्यावे लागते ते वेगळे. दहा टनांना हे झाले तीनचार हजार लिटर. शिवाय बर्फाचे स्वतःचे दहा हजार. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या वाड्यांत टँकरची वाट पाहिली जाते, तिथे हा प्रश्न विजेइतकाच मोठा आहे. समुद्र समोर आहे, तेच पाणी का वापरू नये, असे कोणी म्हणेल. मोठ्या यंत्रांत वापरतात. पण खारे पाणी लोखंडाला खाते आणि अमोनिया वायू तांब्याला खातो, म्हणून दोघांना पुरून उरेल असा भारी धातू लागतो, आणि छोट्या कारखान्याला तो झेपत नाही. तेव्हा गोड्या पाण्याची बारमाही सोय नसेल तर हवेवरचाच, पण ऐसपैस मापाचा कंडेन्सर घ्यावा लागेल. त्याच्या पत्र्याच्या पातळ पापण्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात. गंजरोधक लेप चढवलेल्या मागा आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

अमोनियाबद्दल एक शब्द. बर्फाच्या कारखान्यात शंभरहून अधिक वर्षे तोच वापरला जात आहे आणि विजेच्या बाबतीत त्याच्याशी स्पर्धा करणारे थोडेच. पूर्वी ज्या फ्रिऑन वायूंचा बोलबाला होता, त्यांतले जुने प्रकार आकाशातल्या ओझोनच्या थराला छिद्र पाडतात म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमाने बंद होत गेले. ज्याने त्या वायूवरची जुनी यंत्रे स्वस्तात घेतली, त्याला पुढे वायूच मिळेनासा झाला. अमोनियाला ती भीती नाही. पण तो गळला तर डोळे आणि छाती जाळतो. म्हणून कारखाना वस्तीत नको, यंत्रघराला दोन दारे हवीत, तोंडावर लावायचे मुखवटे बाहेरच्या बाजूला हाताशी टांगलेले हवेत. हा खर्च दरपत्रकात नसेल तर तो धरून मगच तुलना करा.

आंब्याच्या खोलीचा हिशेब उलटा येतो

बर्फाचा धडा मनात ठेवून आंब्याच्या शीतखोलीकडे गेलो तर फसू. हापूसचा भर एप्रिल आणि मे. म्हणजे खोली चालणार फार तर ६० दिवस, मग दहा महिने कुलूप!

एक खोली घ्या, जिच्या भिंती, छप्पर आणि जमीन मिळून शंभर चौरस मीटर म्हणजे हजारएक चौरस फूट भरतात. तिला फोमचे पत्रे लावायचे आहेत, ६० मिलिमीटर जाडीचे की १०० मिलिमीटरचे? बाहेर सरासरी ३३ अंश आणि आत १३ अंश धरले तर जाड पत्र्याने दिवसाला जेमतेम अडीच युनिट वीज वाचते. ६० दिवसांत १५० युनिट, ९ रुपयांनी साडेतेराशे रुपये. जाड पत्र्याला चौरस फुटामागे ३५ रुपये जादा पडले असे समजा, म्हणजे ३५ हजार रुपये. ते वसूल व्हायला सव्वीस वर्षे लागतील! त्यापेक्षा तेच पैसे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, किंवा बागेत दोन हात जादा लावण्यात घाला.

आता तीच खोली गोठवलेल्या मासळीसाठी शून्याखाली १८ अंशांवर, वर्षाचे ३०० दिवस चालवा, आणि पत्रा ६० ऐवजी १५० मिलिमीटरचा घ्या. इथे चढ २० अंशांचा नसून ५१ अंशांचा आहे, आणि इतक्या खोल विहिरीतून उष्णता काढताना यंत्राची ताकदही निम्म्यावर येते. दिवसाला सुमारे १९ युनिट वाचतात. वर्षाला ५,७०० युनिट, म्हणजे ५१ हजार रुपये. जादा पत्र्याला ८० हजार गेले तरी दीड वर्षात ते परत.

गाव तेच, खोलीचे आकारमान तेच, विजेचा दर तोच. पण आंब्यासाठी पातळ पत्रा शहाणपणाचा आणि मासळीसाठी तोच पत्रा दिवाळखोरीचा. फरक कशाने पडला? यंत्र वर्षातून किती दिवस चालते आणि किती खोलवरून उष्णता उपसते, या दोन आकड्यांनी. म्हणून कोणी तुम्हाला "वीज वाचवणारे यंत्र केव्हाही चांगले" असे सांगितले तर मान डोलावण्याआधी त्याला विचारा, माझी खोली किती दिवस चालणार ते धरले आहे का? आणि कोणी "स्वस्तात उरकू या" म्हणाला तरी हेच विचारा.

काही बागायतदार एकच खोली आंब्यानंतर कोकम, काजू, मग थंडीत भाजीपाला अशी वर्षभर फिरती ठेवायचा बेत करतात. बेत चांगला आहे, आणि तो खरेच पार पडणार असेल तर जाड पत्रा परवडू लागतो. पण कागदावरची वर्षभराची खोली प्रत्यक्षात दोन महिन्यांची ठरल्याची उदाहरणे पुष्कळ. बँकेच्या प्रकल्प अहवालात खोली बाराही महिने भरलेली दाखवतात. तुम्ही स्वतःपुरता हिशेब करताना खरे तेवढेच दिवस धरा.

वीज न लागणारा थंडावा

आंब्याच्या खोलीत विजेची मोठी बचत पत्र्यात नसते, ती बागेत असते. अढी घातलेल्या आंब्यात हात घातला की ऊब लागते, हे घरातल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. फळ तोडल्यावरही श्वास घेते आणि उष्णता सोडते. जितके गरम तितका श्वास जोरात. टनभर आंबा ३२ अंशांवरून १३ वर आणायला वीस युनिट उष्णता काढावी लागते, म्हणजे सहासात युनिट वीज. तोच आंबा पहाटे झेल्याने उतरवून सावलीत ठेवला आणि २६ अंशांवर असतानाच खोलीत आणला, तर त्यातली दोन युनिटे तिथेच वाचतात. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या टेम्पोत तापलेला आणला तर उलट वाढतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट फळ उतरवतो. चीक न डागळलेले, न आदळलेले फळ कमी श्वास घेते आणि जास्त टिकते. याला यंत्रवाला दरपत्रक देत नाही.

कोणी म्हणेल, दिल्लीच्या पुसा संस्थेने विटा, वाळू आणि पाण्याची बिनविजेची थंड खोली काढली आहे, ती का नको? दुहेरी विटांची भिंत, मध्ये ओली वाळू, पाणी सुकताना आत गारवा. घाटावरच्या कोरड्या हवेत ती छान चालते. पण पाणी सुकण्यासाठी हवा कोरडी लागते. पूर्णगडला मे महिन्यात अंगावरचा घाम सुकत नाही, तिथे वाळूतले पाणी काय सुकणार! भाजी चार दिवस ताजी ठेवण्यापुरती ती करून पाहा, आंब्याच्या १३ अंशांची आशा तिच्याकडून धरू नका.

जांभ्याच्या जाड भिंतींचाही असाच एक गैरसमज आहे. जांभ्याचे घर गार लागते हे खरे. पण फूटभर जांभा जेवढी उष्णता अडवतो त्याहून जास्त इंचभर फोम अडवतो. जांभ्याची खोली तशीच ठेवून आत यंत्र बसवले तर ते रात्रंदिवस गावभर गारवा वाटत बसेल. जांभा भार पेलायला, फोम उष्मा अडवायला.

वेष्टणाची करामत जुनी आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने 'टस्कनी' जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला पाठवला. तळ्यातला गोठलेला बर्फ, कापून आणलेला. यंत्र नाही, वीज नाही. चार महिने समुद्रातून, दोनदा विषुववृत्त ओलांडून जहाज आले तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही हा बर्फ उतरू लागला. सगळे श्रेय वेष्टणाचे. आपण भाताच्या तुसात बर्फाची लादी पुरतो ती त्याच जातीची युक्ती.

आणि तिचा उपयोग मासळीवाल्या बहिणींना सर्वांत जास्त आहे. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला हिशेबाने सुमारे ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. प्रत्यक्षात किलोला किलो बर्फ लागतो असे सांगतात आणि ते खोटे नाही. उरलेला सातशे ग्रॅम मासा थंड करायला जात नाही, तो बांबूच्या पाटीतून, पातळ टबातून, टेम्पोच्या तापलेल्या तळातून येणारी उष्णता पिऊन वितळून जातो. जाड भिंतींची, घट्ट झाकणाची, तळाला पाणी निथळायला तोटी असलेली पेटी घेतली तर हा नाश बराच कमी होतो. पेटीचे पैसे एकदाच, बर्फाचे रोज. होडीवरच्या खणाला फोम लावणेही त्याच हिशेबात येते. गावात कारखाना काढण्याआधी दहा होड्यांचे खण आणि पन्नास पेट्या सुधारल्या, तर कदाचित कारखानाच लहान चालेल, असे माझे मत आहे.

कारखान्याच्या मापाबद्दल

हे माप फार महत्त्वाचे. कोणत्या दिवशी जाळ्यात किती येईल हे कोणाच्या हाती नाही. लोक सर्वांत मोठ्या दिवसाच्या मापाने यंत्र घेतात, मग उरलेले दिवस ते अर्धपोटी चालते. एकच मोठा कॉम्प्रेसर अर्ध्या कामावर चालला तरी वीज अर्धी होत नाही. त्यापेक्षा दोन लहान घ्यावेत. काम कमी असले की एक बंद ठेवता येतो, आणि भर हंगामात एक बिघडला तरी निम्मा बर्फ हाती राहतो. याला सुरुवातीला पैसे जास्त पडतात. इथे मी ते खुशाल द्या म्हणेन, कारण रत्नागिरीहून मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस गेले तर बर्फाअभावी गेलेली मासळी विजेच्या बिलाहून महाग पडते.

मोटार जळली की गुंडाळून आणायची, पुन्हा जळली की पुन्हा गुंडाळायची, हा आपला रिवाज. हलक्या हाताने गुंडाळलेली मोटार पहिल्यापेक्षा गरम चालते आणि तेवढेच काम करायला वीज जास्त खाते. विहिरीच्या पंपावर हे दिसत नाही, कारण तो थोडा वेळ चालतो. बर्फाच्या कारखान्यात ती दिवसाचे वीस तास चालते.

पैसे कुठून?

आता खरी अडचण. जो स्वस्त यंत्र घेतो तो मूर्ख नसतो. त्याच्याकडे आज पैसे नसतात. बागायतदाराच्या हाती रोकड येते ती वर्षातून एकदा, आंबा गेल्यावर, आणि त्यातले निम्मे फवारणीच्या उधारीत जातात. वीज उद्या वाचणार आणि पैसे आज मोजायचे, हा तिढा नुसत्या हिशेबाने सुटत नाही. बारा टक्के व्याजाने कर्ज काढून दहा वर्षांत वसूल होणारी सुधारणा घेऊ नका, ती व्याजातच जाईल. तीन वर्षांच्या आत वसूल होणारी मात्र कर्ज काढूनही घ्यावी.

सरकारी मदत आहे. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अशी मदत ठरवली होती. २०२० साली निघालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याजसवलत ठेवली. आज काय चालू आहे, कोणत्या अटी बदलल्या, हे तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. फक्त एक गोष्ट ध्यानात धरा. मत्स्यसंपदेसारख्या योजनेत खर्चाची मर्यादा टनाच्या मापावर ठरलेली असते, विजेच्या खर्चावर नाही. म्हणून जास्त टनांचे आणि कमी किमतीचे यंत्र दाखवण्याचा मोह यंत्रवाल्याला होतो आणि आपल्यालाही. अनुदान एकदा मिळते, बिल दर महिन्याला येते. अनुदानाने जो भार हलका होतो तो मोठ्या मापात न घालवता चांगल्या कंडेन्सरमध्ये आणि जाड वेष्टणात घाला.

पणन मंडळाची आंब्याची सुविधा केंद्रे रत्नागिरीजवळ नाचणे आणि देवगडजवळ जामसंडे येथे उभी राहिली आहेत. स्वतःची खोली घालण्याआधी ती एकदा जाऊन पाहून या. तिथल्या यंत्रचालकाला बिल विचारा, विकणाऱ्याला नव्हे.

दरपत्रकात काय लिहून घ्यावे

तोंडी आश्वासनावर जाऊ नका. बाहेर ३५ अंश आणि दमट हवा असताना एक टन बर्फाला, किंवा खोली भरलेली असताना दिवसाला, एकूण किती युनिट लागतील हे पंप व पंख्यांसकट लिहून घ्या. फक्त कॉम्प्रेसरचा आकडा देतील तो घेऊ नका. कारखान्याला वेगळा मीटर बसवा. शेवटचे दहा टक्के पैसे मे महिन्यातल्या चाचणीनंतर देईन अशी अट घाला. डिसेंबरच्या थंडीत कोणतेही यंत्र चांगले चालते! दाराला रबराची पट्टी आणि आतून पडदा आहे का ते पाहा. आपल्या दमट हवेत दार उघडे राहिले की आतल्या नळ्यांवर दंव साचून गोठते, आणि गोठलेले दंव हे घोंगडीसारखे, नळीची थंडी नळीतच कोंडते.

घरच्या फ्रीजलाही हेच लागू आहे. तो ३६५ दिवस चालतो, तेव्हा तिथे ताऱ्यांच्या चिठ्ठीवर वर्षाला किती युनिट लिहिले आहेत ते वाचा. दोन फ्रीजमधला युनिटांचा फरक काढा, आपल्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून पाहा. गृहिणीने हा हिशेब दुकानातच करावा, दुकानदार थांबतो.

वादळांनीही एक नवा आकडा हिशेबात आणला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग आणि मे २०२१ मध्ये, ऐन आंब्याच्या भरात, तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याने गेले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी उत्तम कॉम्प्रेसर आणि भंगार कॉम्प्रेसर सारखेच. फोमची भिंत तेवढी विजेवाचून काम करत राहते. ज्यांना मासळी गोठवून ठेवायची आहे त्यांनी जाड पत्र्याच्या बाजूने हाही एक मुद्दा मोजावा. जनित्र घ्यायचे तर तेही चांगल्या वेष्टणाच्या खोलीला लहान पुरते.

१ जूनला होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि बर्फाची मागणी थांबते. टाकी रिकामी करायला, मीठपाणी बदलायला, कंडेन्सरच्या नळ्यांवरचा क्षार खरवडायला आणि भिजून फुगलेले वेष्टण काढून नवे घालायला याच दोन महिन्यांत सवड मिळते. भिजलेला फोम उष्मा अडवत नाही, तो हाताने दाबून पाहिला की कळतो. मिस्त्रीला निरोप मात्र मे महिन्यातच धाडा. जूनमध्ये किनाऱ्यावरचे सगळेच कारखाने त्याला एकदम बोलावतात.